दिवसाला एकच प्रश्न

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे शाळाशाळांत एक अर्ज येतो, आणि शिक्षक मंडळी तो शेवटच्या दिवसापर्यंत टेबलावरच्या ढिगाखाली सरकवत राहतात. वर्गातली विशेष बुद्धीची मुलं कोणती, त्यांची नावं कळवा, एवढंच त्यात विचारलेलं असतं. थोंगयोंगच्या बंदराजवळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या योम सनहेबाईंच्या टेबलावरही तो अर्ज दहा दिवस पडून होता. शुक्रवार ही शेवटची तारीख होती आणि गुरुवारची दुपार झाली होती.

पूर्वी हे सगळं परीक्षेवर ठरायचं. मग परीक्षेच्या शिकवण्या निघाल्या, चौथीतली पोरं सातवीची गणितं घोकू लागली, आणि घोकणारा कोण नि खरा हुशार कोण हेच कळेनासं झालं. तेव्हा वरून नवी पद्धत आली. शिक्षकांनी शाळेचं वर्ष सुरू होतं त्या मार्चपासून मुलांवर बारीक लक्ष ठेवावं, दिसेल ते तारखेसह नोंदवहीत लिहावं, आणि त्या नोंदींवरून नावं पाठवावीत. मग अशा मुलांना वेगळं शिकवणाऱ्या प्रज्ञा केंद्राची माणसं त्या मुलांना भेटून निवड करतील. पद्धत चांगलीच होती. वही लिहायला मात्र कुणालाच वेळ नव्हता.

सनहेबाईंच्या वहीत मार्चमधल्या दोन नोंदी होत्या, आणि पुढे सगळी पानं कोरी. त्यांनी पुडीतली कॉफी गरम पाण्यात ढवळली आणि आठ महिन्यांचं लक्ष एका दुपारी ठेवायला घेतलं.

पहिलं नाव हानग्योलचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्याची आई वर्गातल्या पालकांची प्रतिनिधी. तिने मुलाच्या प्रशस्तिपत्रकांचे फोटो आठवड्याभरापूर्वीच पाठवून ठेवले होते. बाईंनी लिहिलं, ‘१२ मे. अपूर्णांकांची बेरीज करण्याची वेगळी रीत स्वतःहून शोधली.’ ती रीत त्याच्या शिकवणीत शिकवली होती हे बाईंना ठाऊक होतं. तारीखही मनाचीच होती. पण सगळेच असं करतात, असं म्हणून त्यांनी आणखी चार तारखा भरल्या.

दुसरं नाव सुचेना. तेवढ्यात उपमुख्याध्यापक डोकावले. बेताच्या परिस्थितीतल्या घरांसाठी केंद्राने काही जागा वेगळ्या ठेवल्यात, शाळेतून एक तरी नाव गेलंच पाहिजे, असं ते म्हणाले. “तुमच्या वर्गात ती धक्क्यावर शिंपल्यांतून कालवं सोलणाऱ्या आजीची नात आहे ना? टाका तिचं. निवड काही व्हायची नाही, पण आपली रीतसर नोंद राहील.”

ती नात म्हणजे दासोम. आई लहानपणीच गेलेली, बाप कोजे बेटावर जहाजांच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी येणारा. बाईंना बरं वाटलं. गरिबाच्या पोरीसाठी आपल्या हातून काहीतरी होतंय, असं समाधान वाटलं. अर्जातल्या रकान्यांवर त्या भराभर खुणा करत गेल्या. ‘अनपेक्षित प्रश्न विचारते’ या ओळीपाशी पेन जरासं अडखळलं, मग त्यांनी ‘क्वचित’वर खूण केली. खाली शेरा लिहिला, ‘शांत, आज्ञाधारक, शिस्तीची.’ त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि खोटेपणा नसलेली अशी ती त्या अर्जातली एकच नोंद होती.

पुढच्या आठवड्यात शनिवारी केंद्रात मुलांच्या भेटी झाल्या. सोमवारी शाळा सुटल्यावर सनहेबाई फळा पुसत होत्या, तेव्हा दारात मेंगबाई उभ्या राहिल्या. वीस वर्षांपूर्वी सनहेबाईंची पहिली नोकरी याच मेंगबाईंच्या हाताखाली झाली होती. आता त्या निवृत्त होत्या आणि केंद्राच्या तिघांच्या समितीत होत्या. त्यांनी पिशवीतून केंद्राचं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पोरांच्या एका बुटक्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

“टपालानं येणार होतं. म्हटलं, मीच घेऊन जाते. तुझं तोंड बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. “ती दासोम वर्गात कशी असते गं?”

“गुणी आहे. कधी आवाज म्हणून नाही तिचा.”

“दहा वर्षांची पोर, आणि आवाज नाही. आणि तू म्हणतेस गुणी.”

सनहेबाई हसल्या, पण मेंगबाई हसत नव्हत्या. मग त्यांनी शनिवारची हकिकत सांगितली. कागदावरच्या कोड्यांत दासोमने अशी वाट काढली होती की कोडं तयार करणाऱ्या गृहस्थांनीच ती दोनदा तपासली. नंतर तोंडी भेटीत मुलांसमोर पाण्याचा वाडगा ठेवला होता आणि पाण्यावर सुई तरंगत होती. बघा आणि मनात येईल ते विचारा, एवढंच सांगितलं होतं. बाकीच्या मुलांनी शिकवणीत पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं, विचारलं कुणी काही नाही. दासोमने मात्र बराच वेळ बघून विचारलं, की समुद्राच्या पाण्यावर ही सुई जास्त वेळ राहील का, आणि तसं असेल तर पाणी गोठायला लागल्यावर काय होईल.

“आम्ही तिघंही पुढं सरकून बसलो,” मेंगबाई म्हणाल्या. “म्हटलं, आणखी विचार. तर मान खाली. म्हटलं, बाळ, घाबरू नकोस. तर म्हणते कशी, ‘आजचा झाला.’ मी विचारलं, काय झाला? तर म्हणाली, ‘प्रश्न. बाईंनी दिवसाला एकच सांगितलाय. तोही अगदी लागला तरच.’”

सनहेबाईंनी फडकं खाली ठेवलं आणि समोरच्या बाकावर बसल्या.

काही गोष्टी आपण विसरत नाही, नुसत्या दृष्टीआड ठेवतो. दासोम मार्चमध्ये वर्गात आली ती प्रश्नांची सरबत्ती करतच. ओहोटीला गेलेलं पाणी नेमकं कुठल्या गावाला जातं? शून्याला कुणी शोधायच्या आधी लोक काहीच नसलं तर काय मोजायचे? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवत होत्या त्या दिवशी ती म्हणाली, त्रिकोण चेंडूवर काढला तर? बाईंना उत्तर येत नव्हतं. त्यांनी विचारलं, “पुस्तकात चेंडू दिसतोय का तुला?” वर्ग खो खो हसला आणि वेळ निभावली.

मे महिन्यात पालकांसमोरचा तास होता. पालक वर्गाच्या मागच्या भिंतीला ओळीने उभे, कित्येकांच्या हातात मोबाइल, आणि बाईंनी तीन आठवडे घासूनपुसून बसवलेला पाठ. त्यात दासोमने चार वेळा हात वर केला. चौथ्या प्रश्नाला बाई गडबडल्या, फळ्यावर चूक झाली, आणि ती हानग्योलच्या आईने सगळ्यांदेखत दाखवून दिली. अभिप्रायाच्या कागदावर दोघातिघांनी लिहिलं, की एका मुलीमुळे सगळ्यांचा वेळ जातो. दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम केला, की प्रत्येकाने दिवसाला एकच प्रश्न विचारायचा, आणि विचारण्याआधी तो खरंच लागतो का याचा विचार करायचा. प्रत्येकाने, असं म्हटलं तरी तो कुणासाठी होता हे एकूण एक पोराला कळलं होतं. जूनमध्ये दासोम एकच प्रश्न विचारत असे. ऑगस्टमधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तेवढाही नाही. आणि बाई मनात म्हणाल्या होत्या, चला, पोरगी सुधारली!

हे सगळं त्यांनी मेंगबाईंना सांगितलं. सांगताना प्रत्येक वाक्याला आपण किती लहान होत चाललोय हे त्यांना कळत होतं. ‘क्वचित’वर खूण करताना पेन का अडखळलं, तेही आता स्वतःपासून लपवता येत नव्हतं. आधी आपणच तोंड बंद केलं आणि मग आपणच लिहून दिलं की ही बोलत नाही.

“आपल्या सगळ्यांचं हेच होतं,” मेंगबाई जरा नरमल्या. “हात वर करणारं, वही टापटीप ठेवणारं, आपण सांगितलेलं आपल्यालाच परत ऐकवणारं मूल आपल्याला हुशार वाटतं. का? तर ते आपल्याला अडचणीत आणत नाही. आणि खरी तल्लख पोरं पुष्कळदा पीडा असतात गं. ती वर्ग थांबवतात, आपलं अज्ञान चव्हाट्यावर आणतात. म्हणून आपण त्यांना आधी वळण लावतो आणि मग नोव्हेंबरात दिवा घेऊन हुशार मुलं शोधत फिरतो. मीही केलंय. माझ्या हातून असं एक पोर गेलंय, त्याचं नाव मी तुला सांगणार नाही.”

मग त्यांनी पत्र पुढे सरकवलं. कोड्यांचा कागद आणि शिक्षिकेची नोंद यांचा मेळ बसत नाही, तरी बुधवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा, असं त्यात होतं. पोरीच्या नुसत्या सांगण्यावर विसंबता येत नाही, म्हणून समितीतल्या उरलेल्या दोघांचं मत मुलीत कुतूहल नाही असं पडलं होतं, आणि त्यांचा सगळा आधार बाईंच्या ‘क्वचित’वर होता. खुलासा आला नाही तर दासोमचं नाव गळणार. पुढच्या वर्षी वर्ग नवा, शिक्षक नवे, आणि गप्प मुलीचं नाव पुन्हा कोण सुचवणार?

मंगळवारी सनहेबाई दासोमच्या आजीला भेटायला गेल्या. आधी घरच्यांची माफी मागावी, मग कागदाचं बघावं, असं त्यांनी ठरवलं होतं. धक्क्यालगतच्या शेडमध्ये पाचपन्नास बाया रबरी एप्रन बांधून ओळीने उभ्या होत्या आणि कालवांचे ढीग भराभर खाली येत होते. आजीने बाईंना पाहिलं तशी सुरी ठेवली, ओले हात एप्रनला पुसले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. पोरीने काही केलं का, हा तिचा पहिला प्रश्न.

काही नाही केलं, बाई म्हणाल्या. मी तिच्याबद्दलच बोलायला आलेय.

आजीचा चेहरा खुलला. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, “बाई, तुमचे लई उपकार आहेत बघा. घरात नुसतं डोकं खायची ती. हे असं का, ते तसं का. मी अडाणी बाई, मला काय ठावं? म्हणायची, जा, तुझ्या बाईंना विचार. आता बघा, सहा महिने झाले, तोंडातून शब्द नाही. गप येते, जेवते, भांडी घासते, झोपते. पोर तुम्ही वळणावर आणलीत. तिच्या बापालाही मी फोनवर तेच सांगितलं.”

तिने सोललेल्या कालवांची मोठी पिशवी भरून बाईंच्या हातात कोंबली. शिक्षकांनी पालकांकडून काडीही घ्यायची नाही असा कायदा आहे, आणि एरवी बाईंनी तो हसत सांगितला असता. आज त्या नुसत्या पिशवीकडे बघत राहिल्या. आजीला वाटलं, थोडं दिलं म्हणून बाई संकोचल्या, म्हणून तिने आणखी दोन ओंजळी घातल्या.

“आजी, मला हे नको देऊ,” बाई कशाबशा म्हणाल्या. “मी तिला वळण नाही लावलं. मी तिला गप्प केलंय. तिच्यापुढं माझं अज्ञान उघडं पडत होतं म्हणून.” आणि त्यांनी मेपासूनचं सगळं सांगून टाकलं. शेजारच्या चारपाच बायांच्या सुऱ्या थांबल्या होत्या, तरी सांगितलं.

आजीने सुरी पुन्हा हातात घेतली, परत ठेवली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे ती सुधारली नव्हती होय. मी आपली देवाचे आभार मानत बसले.” तिने पिशवीतली कालवं परत परातीत ओतली. रागाने नाही, पण बाईंकडे बघितलंही नाही. बाई रस्त्याला लागल्या तेव्हा त्यांना रडू फुटलं. आजीने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी उपमुख्याध्यापकांनी सोपी वाट सुचवली. मुलगी लाजाळू आहे, परक्या माणसांपुढे बोलत नाही, एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. तेवढ्याने दासोमचं काम कदाचित झालंही असतं. पण बाईंना ते लिहवेना. पोरीवर एकदा खोटा शिक्का मारला, आता दुसरा मारायचा? त्यांनी अर्ध्या पानात खरं काय ते लिहिलं. दिवसाला एकच प्रश्न हा नियम मी केला. तो या मुलीसाठी केला. ती विचारत नाही हे माझ्या नियमाचं फळ आहे, तिचा स्वभाव नव्हे. तिला हवं तितकं विचारू द्यावं. आणि लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, की हानग्योलच्या नोंदीतल्या पाचही तारखा मी एका दुपारी मनाने घातल्या आहेत.

उपमुख्याध्यापकांनी कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. “तुम्हाला कळतंय का, हे तुमच्या कामाच्या कागदपत्रांत कायमचं राहील?”

“कळतंय,” बाई म्हणाल्या. “मी लिहिलेलंही तिच्या कागदपत्रांत कायमचंच राहिलं असतं.”

केंद्राने दोन्ही मुलांना पुन्हा बोलावलं. या खेपेला दासोमला सांगण्यात आलं, की आज कितीही विचार, तुझ्या बाईंनीच तसं लिहून दिलंय. ती सुरुवातीला चाचरली, पण पाऊण तास बसली. तिचं नाव यादीत आलं. हानग्योलचं आलं नाही. बाईंना लेखी ताकीद मिळाली. हानग्योलच्या आईने फोनवर अर्धा तास सुनावलं, आणि बाईंनी ते निमूटपणे ऐकून घेतलं, कारण तिचंही काही अगदीच चूक नव्हतं. त्या मुलाच्या नावावर त्यांनी भलत्याचीच हुशारी लिहिली होती. त्याची स्वतःची कशात आहे, हे आठ महिन्यांत त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर सनहेबाईंची सुटका झाली असती. तशी झाली नाही. त्यांनी भर वर्गात नियम रद्द केला, माझं चुकलं असं सगळ्यांसमोर म्हटलं. दासोम म्हणाली, “हो, बाई,” आणि वहीत बघत राहिली. केंद्रात ती हळूहळू बोलू लागली होती म्हणे, पण बाईंच्या वर्गात डिसेंबरभर तिने तोंड उघडलं नाही. बाई मुद्दाम थांबत, तिच्याकडे बघत, मग तिसऱ्याच मुलाला विचारत. एक वाक्य बोलून बंद केलेलं दार दुसरं वाक्य बोलून उघडेल, असं त्यांना उगाच वाटलं होतं. जानेवारीची सुट्टी आली आणि गेली.

फेब्रुवारीत वर्ष संपताना चारदोन दिवस शाळा भरते, तेव्हाची गोष्ट. शिकवण्याचं काही उरलं नव्हतं. बाई सहज म्हणाल्या, कुणाला वर्षभरातलं काही विचारायचं राहिलं असेल तर विचारा. आणि दासोमचा हात वर गेला. सगळा वर्ग वळून बघू लागला.

“बाई, तो नियम तुम्ही माझ्यासाठीच केला होता ना?”

“हो.”

“का?”

सनहेबाईंनी चाळीस डोळे आपल्यावर रोखलेले पाहिले. पुस्तकात चेंडू दिसतोय का, असं विचारून वेळ मारून नेणं त्यांना अजूनही जमलं असतं. त्या म्हणाल्या, “तुझ्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. आणि ते कुणाला कळू नये, असं मला वाटत होतं.”

दासोमने थोडा विचार केला. तिला राग आलेला दिसला नाही, उलट कोडं सुटल्यासारखा तिचा चेहरा मोकळा झाला.

“मग तसं सांगायचं ना, बाई,” ती म्हणाली. “मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.”

एवढंच! ‘मला येत नाही’ हे तीन शब्द मे महिन्यात उच्चारले असते तर एका मुलीचे नऊ महिने वाचले असते. सनहेबाईंना ते वाक्य आजही मध्येच आठवतं, आणि आठवलं की त्या हातातलं काम थांबवतात.

वाचकहो, विशेष बुद्धीच्या मुलांसाठी केंद्रं हवीत, जागा हव्यात, अर्जही हवेत. त्याबद्दल वाद नाही. पण शिक्षक असा की आईबाप, आपल्यापुढचं मूल गप्प दिसलं तर ते मुळातच तसं आहे की आपण त्याला तसं केलंय, हे कुठल्याही रकान्यात खूण करण्याआधी स्वतःला विचारा. मुलाच्या प्रश्नाने आपली अब्रू जात नाही. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि ते कुठे मिळेल हे शोधायला त्याच्याबरोबर चार पावलं चाला. हुशार मुलांना शाळेकडून पहिली मदत हवी असते ती एवढीच, आणि ती करायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.